लाकडी फर्निचरला कोणतं पॉलिश? घासायचा पेपर हातात घेण्याआधीचा निर्णय आणि नंतरचा क्रम

माझ्या शेडमध्ये पुन्हा पॉलिशला येणाऱ्या बहुतेक वस्तूंचं लाकूड ठणठणीत असतं. वरचा थर मात्र गेलेला असतो. कुठे पोपडे, कुठे पांढरे डाग, कुठे हात लावला की चिकट. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "दुकानात चमक बघून घेतलं." पाणी कुठून येणार, ऊन किती लागणार, आधीचा थर कसला होता, यातलं काहीच पाहिलेलं नसतं. चमक सगळ्यात शेवटी ठरवायची असते. जवळजवळ प्रत्येक माल ग्लॉसी आणि मॅट दोन्हींत मिळतो. त्याआधी जे ठरवायचं, ते खाली क्रमाने दिलं आहे. हा क्रम उलटा केला की दोनदा खर्च होतो.

1. वस्तू कुठे राहणार ते आधी लिहून काढा

कागदावर चार शब्द लिहा: पाणी, ऊन, उष्णता, घासणं. वस्तूला यातलं काय सोसायचं आहे त्यावर खूण करा. पाचवा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: तीन-चार वर्षांनी दुरुस्ती कोण करणार? घरचंच कोणी करणार असेल तर ज्याला फवारणीचा कंप्रेसर लागतो असा माल घेऊन अडचण होते.

आपल्याकडची काही उदाहरणं.

कुलरसमोरचं कपाट किंवा दिवाण. मार्च ते जून कुलरची ओली हवा त्यावर दिवसभर येते, बारीक शिंतोडेही उडतात. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. इथे लाखेचं पॉलिश टिकत नाही, महिन्याभरात ढगाळ होतं.

देवघर. समईची उष्णता, तेलाचे ओघळ, ओलं कुंकू आणि रोजचं पाणी. वरून नाजूक कोरीवकाम. घट्ट थर दिला तर नक्षी बुजते, पातळ दिला तर तेल आत जातं. एकाच वस्तूवर दोन उपाय करायला हरकत नाही. बैठकीची फळी पीयूमध्ये (पॉलियुरेथेन, दोन डब्यांचं टिकाऊ पॉलिश) आणि कळस-कमानी लाखेत, असं मी नेहमी करतो.

ओसरीतली बंगई (झोपाळा). इथे मी स्वतः चुकलो आहे. सुरुवातीच्या काळात एका घरच्या सागवानी बंगईला मेलामाईन मारलं. आरशासारखी दिसली. दुपारचं ऊन तिच्या अर्ध्या फळीवर तिरपं यायचं. वर्षाच्या आत त्या अर्ध्या भागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या आणि सावलीतला अर्धा भाग जसाच्या तसा राहिला. मेलामाईन घरातलं पॉलिश आहे. कडक असतं, पण लाकूड उन्हात आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं तेव्हा ते त्याच्याबरोबर हलत नाही. मी ऊन कुठे पडतं हेच पाहिलं नव्हतं. तेव्हापासून वस्तू ओसरीतली असेल तर दुपारी तीन वाजता त्या घरी जाऊन येतो.

*तपासा:* ज्या जागी वस्तू ठेवणार तिथे एक दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी खडूने उन्हाची हद्द आखा. उन्हाचा पट्टा वस्तूवर येत असेल तर पुढची निवड बदलते.

2. लाकूड कोणतं, आणि ते वाळलंय का

सागवान, मग ते किनवटकडचं असो की डेपोतलं, अंगात तेल धरून असतं. या तेलामुळे वॉर्निश आणि पीयू काही ठिकाणी वाळतच नाही, चिकट राहतं. सीलर (पॉलिशखालचा पहिला थर) मारण्याच्या अगदी आधी थिनरने पुसून घेतलं की हा त्रास जातो. आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही, रात्रीत तेल परत वर येतं.

बाभळीत आणि सागातही टॅनिन (तुरट द्रव्य) असतं. त्याला लोखंड आणि पाणी एकत्र लागलं की काळा-निळा डाग उठतो. म्हणून या लाकडांवर लोखंडी तारेची घासणी ओली करून फिरवू नका. तिचे बारीक कण रेषांत अडकतात आणि पाण्याचा हात लागला की ठिपके उमटतात. आंब्याचं लाकूड फिकं असतं, रंग सारखा पीत नाही, त्यावर स्टेन (लाकडाला रंग देणारं द्रावण) लावला की चट्टे दिसतात. त्याला भुंगाही लवकर लागतो, तेव्हा आधी कीडनाशक, मग पॉलिश. कडुनिंबाचा तसा त्रास नाही.

माळवद उतरवल्यावर निघालेली तुळई किंवा दारं चिरून फर्निचर करत असाल तर खिळे शोधून काढा. आत राहिलेला खिळा वर्षभराने थराखालून काळं वर्तुळ दाखवतो.

प्लायवरचं व्हिनियर फार पातळ असतं, मिलिमीटरभरसुद्धा नाही. त्याला 120 नंबरचा खरखरीत पेपर लावायचाच नाही. सनमायकावर यातलं कुठलंच पॉलिश बसत नाही, तिथे वेळ घालवू नका.

लाकूड वाळलंय का हे मॉईश्चर मीटरवर पाहता येतं. घरातल्या फर्निचरसाठी आकडा 12 टक्क्यांच्या आत हवा. मीटर नसेल तर त्याच लाकडाचा तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला तोला आणि वजन लिहून ठेवा. लागोपाठ दोन आठवडे वजन उतरलं नाही की ते हवेशी जुळलं असं समजा. ओल्या लाकडावर कितीही महाग माल मारला तरी ओल बाहेर पडताना थर उचलते.

3. जुना थर ओळखा

नवीन लाकूड असेल तर पुढच्या टप्प्यावर जा. जुनी वस्तू असेल तर ही पायरी चुकवू नका.

मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट धरा. थर मऊ पडून बोळा तपकिरी झाला तर ती लाख आहे. काही झालं नाही तर दुसऱ्या जागी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा बोळा धरा. थर विरघळला तर एनसी लॅकर. चुरमुरला आणि सुरकुतला तर जुनं वॉर्निश किंवा ऑइल पेंट. काहीच फरक पडला नाही तर मेलामाईन किंवा पीयू.

हे कळणं का महत्त्वाचं? नेहमीच्या लाखेत मेण असतं, त्यावर थेट पीयू मारलं तर ते धरत नाही, नखाने पापुद्रा निघतो. ज्या वस्तूला वर्षानुवर्षं खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल चोळलंय तिच्यावर तर काहीच धरत नाही. अशी वस्तू थिनरने तीन-चार वेळा, दर वेळी नवीन फडकं घेऊन धुवावी लागते.

*सावध:* जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. असा थर कोरडा घासून धूळ करू नका. पाण्याचा पेपर वापरून ओला घासा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीपासून लांब ठेवा आणि निघालेला गाळ अंगणात झाडू नका.

4. आता माल निवडा

तेल. घरोघरी सगळ्यात जास्त चूक इथे होते. शेंगदाण्याचं आणि खोबऱ्याचं तेल लाकडावर कधीच वाळत नाही. ते चिकट राहतं, त्यावर धूळ बसते, मग खवट वास येतो. वाळतं ते जवसाचं. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं आणि लाकडात थर धरतं. आपल्याकडची करडईसुद्धा वाळणाऱ्यांतच मोडते, फक्त ती फार हळू वाळते.

पोळपाट, लाटणं, काठवट, भाजी कापायची फळी यांना लाकडी घाण्याचं खायचं जवस तेलच लावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या 'बॉईल्ड' जवस तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, ते अन्नाजवळ नको. पाटावर ते चालतं.

लावायची रीत: फडक्याने पातळ हात, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग जेवढं पुसून निघेल तेवढं सगळं पुसायचं. "जास्त मुरू दे" म्हणून वर ठेवलेलं तेल डिंकासारखं होतं. खाण्याच्या तेलाला एका हाताला आठवडा, कधी त्याहून जास्तही लागतो. चमक येत नाही, पाणी थोडंच अडतं, पण दुरुस्ती म्हणजे फक्त आणखी एक हात.

*सावध, हे आधी वाचा:* जवस तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते, गोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. आपल्या मे महिन्यात तर हे चटकन होतं. प्रत्येक फडकं उघड्यावर तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

लाख, म्हणजे फ्रेंच पॉलिश. सागाची रेष लाखेत जशी उठून दिसते तशी दुसऱ्या कशात नाही, असं माझं मत आहे. शोकेस, आरशाची चौकट, जुनी पेटी, खुर्चीची पाठ यांना हेच द्या. गरम चहाचा कप, पाणी आणि स्पिरिट यांच्यापुढे ते टिकत नाही. सॅनिटायझर सांडला तरी थर विरघळतो. डायनिंग टेबलला नको.

1 लिटर स्पिरिटमध्ये 150 ते 200 ग्रॅम चपडा (लाखेच्या पापड्या) रात्रभर भिजवा, दोन-तीनदा हलवा, सुती कापडातून गाळा. भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या, लोखंडी डब्यात लाख काळपट होते. भिजवलेली लाख सहा महिन्यांच्या आत संपवा. शंका आली तर काचेवर एक थेंब टाका. तासाभराने नख रुतत असेल तर ती फेकून द्या, जुनी लाख कधीच कडक होत नाही.

एका डब्याचं वॉर्निश. हे ब्रशने लावायचं, हार्डनर (थर कडक करायला मिसळायचा दुसरा डबा) नाही, कंप्रेसर नाही. घरी स्वतः करणाऱ्याने यापासून सुरुवात करावी. वाळायला वेळ घेतं, म्हणून धूळ बसते.

एनसी लॅकर. झटपट वाळतं, एका दिवसात काम होतं. पाणी आणि उष्णता बेताचीच सोसतं. घाईच्या कामात मिस्त्री हेच सुचवतो. भाड्याच्या घरातल्या साध्या कपाटाला ठीक आहे.

मेलामाईन. बेस आणि हार्डनर असे दोन डबे. कडक, पाणी आणि चहाचा कप सोसणारं, पीयूपेक्षा स्वस्त. उन्हात नको. जाड थर नको. तीन पातळ हातांच्या पुढे गेलं की तडे जातात. पहिले काही दिवस त्यातून फॉर्मल्डिहाइडचा उग्र वास येतो, तेव्हा त्या खोलीत झोपू नका.

पीयू. हेही दोन डब्यांचं. सगळ्यात टिकाऊ, थोडं लवचीक, डायनिंग टेबल आणि कुलरसमोरच्या कपाटाला योग्य. ओसरीतल्या वस्तूसाठी डब्यावर 'एक्स्टिरिअर' लिहिलेलं घ्या, घरातलं पीयू उन्हात पिवळं पडतं. त्याचा तोटाही ऐकून ठेवा: ओरखडा पडला तर तेवढाच भाग जुळवता येत नाही, सहसा पूर्ण फळी पुन्हा करावी लागते.

ऑइल पेंट. रस्त्याकडचं दार, खिडक्या, गोठ्याचं फाटक अशा दिवसभर उन्हात असलेल्या लाकडाला प्रायमर आणि रंगच द्या. उन्हाला रंगद्रव्य अडवतं. पारदर्शक थरातून ऊन आत जाऊन लाकडाचा वरचा पापुद्रा सुटतो आणि त्याच्याबरोबर पॉलिशही. सागवानाची रेष दिसायलाच हवी असेल तर एक्स्टिरिअर पीयू मारा आणि दर वर्षी-दोन वर्षांनी वरून एक हात देण्याची तयारी ठेवा.

5. दिवस निवडा

आपल्याकडे पॉलिशचं काम काढलं जातं महालक्ष्म्यांच्या आधी. म्हणजे भादव्यात, ऐन ओल्या हवेत. लाख आणि एनसी यांचं द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि थर दुधाळ होतो. पीयूचा हार्डनर ओल खातो आणि बुडबुडे येतात. सण डोळ्यासमोर असेल तर मेमध्येच करून घ्या, नाहीतर दिवाळीनंतर.

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडीत सकाळी दहाच्या आधी सुरू करू नका, लाकूड गार असतं. एप्रिल-मेमध्ये उलट: सकाळी सात ते दहा एवढंच काम. दुपारी पारा 40 च्या वर गेला की थर पसरण्याआधीच वरून वाळतो आणि ब्रशच्या रेघा, संत्र्याच्या सालीसारखे खळगे राहतात.

*तपासा:* काम चालू असताना त्या खोलीतला कुलर बंद आहे ना? उकडतं म्हणून मिस्त्रीसाठी कुलर लावून देणारी घरं मी पाहिली आहेत. हेतू चांगला, पण खोलीभर ओल होते. पंखासुद्धा धूळ उडवतो. खिडकी उघडी ठेवा आणि खाली फरशी ओल्या फडक्याने पुसून, सुकू देऊन मग काम सुरू करा.

6. नमुन्याची फळी

त्याच लाकडाचा हातभर तुकडा घ्या. त्यावर पूर्ण क्रम करा: पेपर, लांबी (खड्डे भरायची पुट्टी), स्टेन, सीलर, वरचे हात. दोन मालांत अडकला असाल तर मधोमध चिकटपट्टी लावून दोन्ही करा. आठ दिवसांनी त्यावर गरम चहाचा कप ठेवा, पाण्याचे थेंब रात्रभर राहू द्या, हळद-तेलाचं बोट लावा, नखाने खरवडा. निर्णय याच फळीवर घ्या, दुकानातल्या कॅटलॉगवर नाही. रंगही दिवसा, वस्तूच्या जागी नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली अक्रोडी वाटणारा स्टेन उजेडात लालसर निघतो.

मिस्त्री म्हणेल, "ताई, एवढा वेळ कुठाय, माझ्यावर सोडा." फळीची मजुरी वेगळी द्या, पण ती करून घ्या. नंतर रंगावरून वाद झाला तर दोघांकडे दाखवायला काहीतरी असतं.

7. घासणं

निम्मं काम इथेच आहे. क्रम: 100 किंवा 120, मग 150 किंवा 180, मग 220. नंबर उड्या मारून वगळू नका. 120 च्या रेघा 220 ने जात नाहीत, आणि स्टेन लागला की प्रत्येक रेघ काळी उमटते. नेहमी रेषेच्या दिशेने घासा.

लांबी 150 नंतर भरा, वाळली की 220 ने सपाट करा. लांबीचा रंग लाकडापेक्षा किंचित गडद ठेवा, स्टेनखाली फिकी लांबी डोळ्यात भरते.

शेवटी धूळ कोरड्या ब्रशने काढा, मग माल असेल त्याप्रमाणे थिनर किंवा स्पिरिटच्या फडक्याने पुसा. लाकूड ओलं असतानाच दिव्याचा उजेड बाजूने तिरपा पाडून पाहा. डिंकाचे डाग, रेघा, सुटलेले खड्डे तेव्हाच दिसतात. इथे दिसलं ते इथेच सुधारता येतं.

8. थर देणं

पहिला सीलर, आणि तो त्याच कंपनीच्या त्याच मालाचा. वाळल्यावर बोटांना केस उभे राहिल्यासारखा खरखरीतपणा लागेल. तो 320 ने हलक्या हाताने काढा. पुढच्या प्रत्येक हातानंतर 400. कोपऱ्यांवर पेपर फिरवताना जपा, तिथे थर पहिला जातो.

प्रमाण डब्यावर लिहिलेलंच घ्या, मापी भांड्याने मोजून. "अंदाजे" हार्डनर हे थर न वाळण्याचं मोठं कारण आहे. कमी पडला तर चिकट, जास्त झाला तर ठिसूळ. हार्डनर ओतण्याआधी पाहा: तो स्वच्छ आणि वाहता हवा. गढूळ किंवा घट्ट असेल तर त्याने ओल खाल्ली आहे, तो वापरू नका.

*सावध:* पीयूमध्ये एनसीचं थिनर घालू नका. त्यात अल्कोहोल असतं आणि ते हार्डनर खाऊन टाकतं. पीयूचं थिनर वेगळं येतं. महाग म्हणून बदललं की महिनाभर टेबल चिकट राहतं.

तीन जागा सगळे विसरतात. टेबलाच्या फळीची खालची बाजू: वर तीन हात आणि खाली कोरडं असेल तर फळी वाकते. दाराची वरची आणि खालची कड: पावसाळ्यात ओल तिथूनच आत जाते, मग दार घासतं आणि सुतार आणावा लागतो. आणि भिंतीला टेकणारी कपाटाची पाठ.

*सावध:* मेलामाईन, एनसी किंवा पीयू चालू असताना घरात देवाचा दिवा, उदबत्ती, गॅस, सगळं बंद. पीयूच्या फवाऱ्यातल्या हार्डनरने दम्यासारखा कायमचा त्रास होऊ शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क वाफ अडवत नाही, कार्ट्रिजचा मास्क लागतो. मिस्त्रीकडे नसेल तर तुम्ही आणून द्या.

9. पहिले आठ दिवस

हाताला न चिकटणं आणि पक्कं होणं यांत बराच फरक आहे. पीयू काही तासांत कोरडं लागतं, पण पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा घेतं. तोवर वर काच ठेवू नका, प्लॅस्टिकचं टेबलक्लॉथ तर नकोच, त्याचा छाप कायमचा बसतो. वस्तू एकावर एक रचू नका. टीव्हीचे रबरी पाय थरात रुततात, खाली फेल्टचे तुकडे चिकटवा.

आठ दिवसांनी कोपऱ्यात अंगठा दाबून पाहा. ठसा उमटला तर आणखी चार दिवस थांबा. उरलेला माल छोट्या बाटलीत भरून, डब्यावरचं नाव, शेड नंबर आणि तारीख चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी येणाऱ्या पॉलिशवाल्याला बोळा धरून ओळखत बसावं लागणार नाही.